मित्राचं सुतक कोणाला?

स्टोकर
गेल्या सोमवारी माझा मित्र गेला. देवगड तालुक्यात, विजयदुर्गच्या अलीकडे खाडीकाठी त्याचं घर. वय ७०, माझ्याहून वर्षाने मोठा. सकाळी माडाखाली पडलेले नारळ गोळा करताना खाली बसला, तो उठलाच नाही. घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव देत नाही. जहाजावर त्याला सगळे तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणायचे, मीही तेच म्हणतो.

आम्ही दोघं नौदलात स्टोकर. १९७५ ला भरती, लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या प्रशिक्षण केंद्रात शेजारशेजारच्या खाटा, मग विमानवाहू विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये तीन वर्षं एकाच वॉचला, म्हणजे पाळीला. पुढे जहाजं बदलली. पंधरा वर्षं भरून १९९० ला दोघंही घरी आलो, तो देवगडला, मी गुहागरला. त्यानंतरची पस्तीस वर्षं तिकडून हापूसची पेटी, इकडून सुपारी, आणि दर रविवारी फोन. फोनवर बोलायचो काय? पाऊस किती, गुडघा कसा आहे, कँटीनला रम आली का.

त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी बागेत होतो. तवसाळवरून फेरीबोटीने जयगडला उतरलो, पुढे रत्नागिरी, राजापूर करत पोचायला चार वाजून गेले. तोवर थांबले होते. वहिनींनी सांगून ठेवलं होतं, भावजी येईपर्यंत उचलायचं नाही.

स्मशानात पत्र्याची शेड आहे, पण जुलैचा पाऊस, वाऱ्याने आडवा आत येत होता. लाकडं आंब्याची, ओली. राळ टाकली, साखर टाकली, रॉकेल ओतलं, तरी नुसता काळा धूर. माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "हवा कमी पडतेय." लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झालो आणि बांबूने खालची दोन लाकडं सैल केली. धूर पातळ झाला. हे काम तीन वर्षं आम्ही दोघं मिळून करत होतो, ते त्या दिवशी एकट्याने केलं.

दुसऱ्या दिवशी घरी परतलो. सुनेने विचारलं, "बाबा, आपल्याला सुतक आहे का?" म्हटलं, नाही. मग तिने रोजच्यासारखं देवांचं ताम्हन पुढ्यात आणून ठेवलं.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. तांडेलचा एक चुलत चुलत भाऊ आहे. त्याने बांधावरून तांडेलशी वीस वर्षं कोर्ट खेळलं. त्याला दहा दिवस सुतक. मला नाही. मी देवपूजा करायची, दाढी करायची, शेजाऱ्याच्या मुलीच्या साखरपुड्याला जायचं. गेलो पण.

कोणाचा असा मित्र गेलाय का? मग तुम्ही काय केलंत?

फणसगरे
भावपूर्ण श्रद्धांजली. ॐ शांती.

रापण
काका, वाचून गप्प झालो. एक विचारू? त्या बांधवाल्या भावाने तोंड तरी दाखवलं का?

स्टोकर
दाखवलं. खांदा दिला. ढसाढसा रडला. म्हणून तर जास्त राग आला. खोटं रडला असता तर बरं झालं असतं.

निवृत्त_सुभेदार
राम राम. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा, बेळगावला ट्रेनिंग, १९८७ ला श्रीलंकेत ऑपरेशन पवनला होतो. सध्या मुक्काम चिपळूणजवळ.

फौजेत प्रत्येक जवानाला एक बडी असतो. हा शब्द कागदावरचा नाही. तो झोपला की तुम्ही जागे, तुम्ही झोपलात की तो जागा. माझा बडी पाटण खोऱ्यातला. दोन वर्षांपूर्वी गेला, तोही पोटाच्या आजाराने, अंथरुणात. मला कळलं तेराव्यानंतर. त्याच्या घरच्यांकडे माझा नंबरच नव्हता, आणि त्याच्या मोबाईलचं लॉक कोणाला उघडेना.

तुम्हाला निदान शेवटचं बघायला मिळालं. मी गेलो तेव्हा भिंतीवर फोटो आणि हार. चहा पाजला, पोरं चांगली आहेत. पण मी कोण हे सांगण्यातच अर्धा तास गेला.

४ फेब्रुवारीला आमचा मराठा दिन असतो. १६७० साली त्या तारखेला तानाजींनी कोंढाणा घेतला, म्हणून. त्या दिवशी आम्ही प्लाटूनवाले एकमेकांना फोन लावतो. पूर्वी सकाळपासून दुपारपर्यंत फोन चालायचे. आता चहा निवायच्या आत संपतात.

काय केलं विचारलंत म्हणून सांगतो. दाढी दहा दिवस ठेवली. बायकोला म्हटलं, त्वचेची ॲलर्जी आहे.

घाटावरची
सुभेदार काका 🙏

स्टोकर काका, राग मानू नका, पण मला स्टोकर म्हणजे काय तेच माहीत नाही. गूगल करता आलं असतं, पण तुमच्याकडून ऐकायचंय. धुराचा आणि हवेचा काय संबंध?

स्टोकर
राग कसला. हे विचारणारं हल्ली भेटत नाही.

विक्रांत वाफेवर चालायची. म्हणजे जुनी विक्रांत, १९६१ ला आलेली. चार बॉयलर, खाली जहाजाच्या पोटात. फर्नेस ऑइल फवारून जाळायचं, पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरायचं. विमान डेकवरून फेकायला जो कॅटापुल्ट असतो, त्यालाही वाफच. म्हणजे वर पायलट गॉगल घालून बसायचा आणि खाली आम्ही लंगोटीवर आल्यासारखे.

पन्नाशीच्या घरातली गरमी. मिठाच्या गोळ्या मिळायच्या. बादलीभर लिंबूसरबत आणून ठेवायचे, त्यात घाम पडला तरी कोणी बघत नसे. आवाज इतका की बोलून उपयोग नाही. सगळं हातांनी आणि भुवयांनी. एकाने एअर सांभाळायचा, एकाने स्प्रेयर. तेल आणि हवा यांचं प्रमाण जमलं तर चिमणीतून धूर जवळजवळ दिसतच नाही. हवा कमी पडली की धूर काळा. हवा जास्त झाली की पांढरा. काळ्या धुराचं जहाज युद्धात दहा मैलांवरून शत्रूला कळतं, त्यामुळे वरून लगेच शिव्या यायच्या. तांडेल म्हणायचा, "मेल्या, धुराक तोंड आसता. तो बोलता."

तो एअर बघायचा, मी स्प्रेयर. त्याने भुवई उचलली की मला कळायचं. तीन वर्षांत एकमेकांचं बोलणं फार ऐकलंच नाही आम्ही. गंमत म्हणजे बोलणारी मैत्री नंतर झाली, नोकरी सुटल्यावर, तीही एसटीडी बूथवरून.

आमचे चीफ ७१ च्या वेळी विक्रांतवरच होते. युद्धाआधी चारातल्या एका बॉयलरला तडे गेलेले. तरी वेग आवरून जहाज बंगालच्या उपसागरात नेलं, आणि ४ डिसेंबरपासून तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव झोडपलं. चीफ ती गोष्ट दर महिन्याला सांगायचे आणि सांगताना बॉयलरच्या अंगावर हात ठेवायचे, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. आम्ही मागे नक्कल करायचो. पुढे तांडेल स्वतः पेटी ऑफिसर झाला तेव्हा तोही तसाच हात ठेवायला लागला. ते मी त्याला सांगितलं नाही, हे बरं केलं की वाईट, कोणास ठाऊक.

मिडल वॉच म्हणजे रात्री बारा ते चार. ती संपवून वर यायचं. अंगावर गार वारा आला की माणूस दोन मिनिटं खुळा होतो. एकदा गोव्याकडे जाताना पूर्वेला फार लांब एक दिवा लुकलुकला. तांडेलने बोटांवर सेकंद मोजले आणि म्हणाला, "हो आमचो देवगडचो." खरंच दिसला असेल का इतक्या लांबून? पण मी पण हो म्हटलं. त्याचा बाप त्या वेळी त्याच दिव्याच्या अंदाजाने होडी घेऊन येत असणार. बाप गाबीत, मासेमारी करणारा, खरा तांडेल तो. हा पोरगा लोखंडी जहाजाच्या तळात, जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही.

घाटावरची
थँक्यू काका. हे प्रिंट काढून ठेवते.

खाडीपलीकडे
श्रद्धांजली आहेच. पण मला एक खटकलं ते विचारतो. माजी सैनिकाच्या पार्थिवावर तिरंगा का नव्हता? आमच्या गावात घालतात. देशासाठी पंधरा वर्षं दिली, एवढा मान नको?

स्टोकर
तिथेही हा वाद झालाच. गावातली पोरं झेंडा घेऊन आली होती. मनाने चांगली पोरं. पण ध्वजसंहितेत स्पष्ट आहे, तिरंगा पार्थिवावर घालायचा तो शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलाच्या इतमामातल्या अंत्यविधीतच. आणि तेव्हाही तो चितेवर जात नाही, आधी काढून घेतात. तांडेल पेन्शनर होता, अंत्यविधी घरगुती होता. मी पोरांना हेच समजावलं तर एक जण म्हणाला, "काका, तुम्ही त्यांचे मित्र ना?"

ते लागलं. कायदा बरोबर होता आणि तरीही मला वाटत होतं की घालावा.

शेवटी वहिनींनी ट्रंकेतून त्याची पांढरी टोपी काढली. प्लास्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्या घालून ठेवलेली. ती छातीवर ठेवली आणि उचलताना काढून घेतली.

खाडीपलीकडे
संहितेचं माहीत नव्हतं. मागे घेतो.

भिक्षुकाचा_नातू
सुतकाबद्दल. आजोबा हयात असते तर त्यांनी सांगितलं असतं, मी ऐकीव सांगतो. सुतक हे दुःखाचं माप नाही. सपिंडांना, म्हणजे एकाच कुळातल्या भाऊबंदांना, दहा दिवस, नातं लांबलं की तीन दिवस, त्याहून लांब असेल तर नुसतं स्नान. हा हिशेब पिंडाचा आणि अशौचाचा आहे, मायेचा नाही. मायेचा असता तर सुनांना सासूचं किती दिवस धरावं लागलं असतं याचा विचार करा 😀

पण शास्त्राने मित्राला अगदीच बाहेर उभं केलंय असं नाही. भाद्रपदातल्या महालयात तर्पणाची जी लांबलचक यादी असते, बाप, आजा, पणजा, मग आईकडचे, काका, मामा, आत्या, सासरे, त्या यादीच्या शेवटाला गुरू, शिष्य आणि आप्त येतात. आप्त म्हणजे केवळ रक्ताचे नव्हेत. आजोबा त्या 'आप्त' शब्दाशी थांबायचे आणि यजमानाला विचारायचे, कोणी आहे का? बहुतेक लोक नाही म्हणायचे, कारण पुढे जेवण वाट बघत असायचं. एक म्हातारे गृहस्थ मात्र दर वर्षी एक मुसलमान नाव घ्यायचे. आजोबा गोत्र न विचारता पाणी सोडायला लावायचे.

तुम्ही यंदा घ्या नाव.

स्टोकर
हे मला माहीत नव्हतं. घेईन.

रापण
मुसलमान नावाची गोष्ट वेगळा धागा काढून लिहा राव.

माडाची_सावली
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझे बाबा आर्मीत सिग्नल्समध्ये होते. २०१९ ला गेले. घरात कडक माणूस. जोरात हसलेले आठवत नाहीत. जेवताना बोलायचं नाही, चपला सरळ रेषेत.

बाराव्या दिवशी साताऱ्याहून एक अनोळखी काका आले, हातात पिवळा पडलेला फोटो. बड्या खान्याच्या, म्हणजे पलटणीच्या एकत्र जेवणाच्या, रात्रीचं नाटक, आणि त्यात नऊवारी नेसून, गजरा माळून, मुरका मारत उभे असलेले बाबा. नायिका! आई आधी रागावली, मग इतकी हसली की शेजारचे बघायला आले, बाराव्याला या घरात काय चाललंय म्हणून.

तो माणूस आला नसता तर आम्हाला हे बाबा कधी भेटलेच नसते. आम्हाला दहा दिवस सुतक होतं, पण अर्धा माणूस आमच्या ताब्यात नव्हता. तो त्या काकांकडे होता.

म्हणून सांगते, तांडेलकाकांच्या मुलांना सांगा. देवगडच्या दिव्याचं सांगा. चीफच्या नकलेचं तर नक्की सांगा.

निवृत्त_सुभेदार
ताई, बड्या खान्याला नऊवारी नेसायला मिळणं हा मान असतो. उगाच कोणालाही देत नाहीत.

कातळ
भावनेच्या मध्ये येतो, माफ करा, पण हे वेळेत व्हायला हवं म्हणून लिहितो. माझ्या आईच्या वेळी आम्ही उशीर केला आणि एका कार्यालयात आठ महिने चकरा मारल्या.

मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून लगेच घ्या, दहा-बारा प्रती काढा. पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेवर असेल तर मृत्यूची नोंद तिथे करावी लागते, नाहीतर पेन्शन खात्यात येत राहते आणि नंतर वसुली लागते. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, शोधा. त्यावर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का ते आधी बघा. कोकणात लग्नानंतर नाव बदललेलं असतं, फौजेच्या कागदावर एक, आधारवर दुसरं, आणि सगळं तिथेच अडतं. नौदलाच्या खलाशांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला ब्यूरो ऑफ सेलर्समध्ये असतं. नाव जुळत नसेल तर सिंधुदुर्गच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात वहिनींना घेऊन जा, ते पत्रव्यवहाराला मदत करतात. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्डही बघा, पत्नीला पुढे चालू राहतं.

काका, हे काम मुलगा करेलच. पण पीपीओवरची भाषा तुम्हाला जास्त कळेल.

स्टोकर
तुमचं लिहिलेलं तसंच्या तसं मुलाला पाठवलं. धन्यवाद. दहाव्याला जातोय, तेव्हा ट्रंक उघडून बसतो.

स्टोकर
कालच परत आलो. दहाव्याचं लिहितो, जरा लांबेल.

दहावं खाडीकाठी झालं. पाऊस उघडला होता. मासेमारी बंदीचा काळ, त्यामुळे होड्या सगळ्या वर ओढून, झावळांनी शाकारून ठेवलेल्या. पिंड ठेवला. आता कावळ्याची वाट बघायची, कोणीतरी 'मुलीचं लग्न लावून देऊ, काळजी करू नको' वगैरे म्हणायचं, ही सगळी तयारी. मी मनात एक वाक्य जुळवत होतो. ते जुळायच्या आत कावळा शिवून गेला. भटजींनी पळी खाली ठेवली नव्हती. तांडेल जेवणाच्या रांगेत कधीच मागे राहिला नाही, ते आठवून मला हसू फुटलं आणि मी खोकल्यासारखं केलं. समोर तो बांधवाला भाऊ उभा होता. तोही हसत होता! त्याला वेगळंच काही आठवलं असणार, लहानपणचं. त्याच्याकडेही काहीतरी आहे, माझ्याकडे नसलेलं. जाताना तो म्हणाला, "केस मागे घेतंय." मी म्हटलं, आता कोणासाठी? तो काही बोलला नाही.

ट्रंक उघडली. पीपीओ सापडला. कातळराव, तुम्ही म्हणालात तेच निघालं. वहिनींचं माहेरचं नाव कागदावर, आधारवर सासरचं. पुढच्या आठवड्यात मुलगा त्यांना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जाणार आहे.

रात्री मुलाला आणि सुनेला चीफची नक्कल करून दाखवली. मुलगा म्हणाला, "आबा आंब्याच्या कलमांवर असाच हात ठेवायचे." त्या घरात तो आबा होता. मी त्यांना तांडेल दिला, त्यांनी मला आबा दिला. नातवाने विचारलं, आजोबांनी युद्ध केलं का? म्हटलं, नाही रे, आम्ही धूर सांभाळला. त्याला ते काही पटलं नाही.

आता तांडेलच्या मोटरसायकलचं. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, २०१४ ला भंगारात गेली. त्या वेळी तांडेल आठवडाभर फोनवर नीट बोलला नाही. मग २०१६ ला बजाजने व्ही नावाची मोटरसायकल आणली, विक्रांतचं लोखंड वितळवून तिच्यात वापरलंय म्हणून. हा एकसष्ट वर्षांचा माणूस कणकवलीला गेला आणि गाडी घेऊन आला. गुडघे दुखतात, घरात मुलाची स्कूटर आहे, काही ऐकलं नाही. मला फोन करून म्हणाला, "आमच्या बॉयलराचो तुकडो माझ्या मांडयेखाली आसा." मी म्हटलं, अरे, तो कशावरून बॉयलरचा, संडासच्या दरवाज्याचाही असेल. दोन रविवार फोन बंद होता.

२०२३ च्या नौदल दिनाला, ४ डिसेंबरला, तारकर्लीला जहाजं येणार होती, तेव्हा आम्ही दोघं त्याच गाडीवरून निघालो. गर्दीत फार पुढे जाता आलं नाही. लांबून राखाडी रेघा दिसल्या तेवढ्याच. त्याने जहाजं बघितलीच नाहीत. धुराकडे बघत होता. "आता धूरच नाय रे येत," म्हणाला.

ती गाडी खळ्यात उभी आहे. मुलगा म्हणाला, "काका, विकायची म्हणतोय. तुम्हाला हवी तर न्या." मी किल्ली घेतली. महिनाभर बंद, पावसात उभी, चार किका मारल्या तेव्हा लागली. आत वहिनी भांडी घासत होत्या. त्या आवाजाने बाहेर आल्या, साबणाच्या हातांनीच. आवाज ऐकत उभ्या राहिल्या. मी गाडी बंद केल्यावर म्हणाल्या, "भावजी, गाडी हयच ऱ्हांदे. महिन्याभरान येवा, चालू करून जावा."

म्हणून गाडी तिथेच आहे. नारळी पौर्णिमेनंतर जाईन.

रापण
काका, पावसात बॅटरी उतरते. निगेटिव्ह काढून ठेवायला सांगा.

स्टोकर
काढूनच आलोय.